शाळेत मदतीला जाणाऱ्या पालकांवर एवढे नियम? का मलाच जास्त लागलंय?

अर्धीपेन्सिल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी मुलीच्या शाळेत दर बुधवारी दुसरीच्या मुलांचं वाचन ऐकायला जाते, तीन वर्षं झाली. चार-पाच मुलं एका टेबलाभोवती बसतात, एकेक जण पान वाचतो, अडला की मी सांगते, बास. पैसे वगैरे काही नाही, हौस म्हणून, आणि खरं सांगू तर आठवड्यातला तो तास मला फार आवडतो. आतापर्यंत गेटवर हात केला की सरळ वर्गात. या वर्षी मुख्याध्यापिका बदलल्या आणि सगळंच बदललं. आधी चार पानी फॉर्म, ओळखपत्राची कॉपी, पोलीस पडताळणी, ओळखीच्या दोघांची नावं आणि नंबर (त्यांना खरंच फोन केला हो शाळेने, माझ्या जुन्या ऑफिसातल्या मॅडम विचारत होत्या, काय गं नोकरी बदलतेयस का), मग तासभर ट्रेनिंग. आता दर वेळी काउंटरवर ओळखपत्र दाखवायचं, वहीत नाव, वेळ, कुणाकडे आलात ते लिहायचं, गळ्यात पिवळ्या पट्टीचा बिल्ला, मोबाईल लॉकरमधे. एकट्या मुलाबरोबर बसायचं नाही, मुलांच्या टॉयलेटमधे पाय ठेवायचा नाही, फोटो नाही, आणि आलोच आहोत तर आपल्या लेकीच्या वर्गात डोकावू असंही चालणार नाही.

इथपर्यंत मी ओठ दाबून सगळं केलं. पण दोन गोष्टी झाल्या.

एक म्हणजे मागच्या बुधवारी ओळखपत्र घरी राहिलं. काउंटरवरच्या ताई मला नावाने ओळखतात, माझ्या मुलीचं नाव त्यांना माहीत, तिचा दात कधी पडला ते माहीत. आणि तरी म्हणाल्या, सॉरी हां मॅडम, कार्डाशिवाय नाही सोडता येणार. मी म्हटलं अहो तुम्ही ओळखता ना मला. तर म्हणे ओळखते ना, म्हणूनच सांगताना कसंतरी होतंय. परत घरी जाऊन येईपर्यंत अर्धा तास संपलेला.

दुसरी त्याच्या आधीची, ती जास्त लागली. वाचता वाचता एका मुलाचं बोट एकाच ओळीवर थांबलं आणि तो खाली बघायला लागला. चड्डी ओली झालेली. मी उठले, म्हटलं चल राजा, तर बाई पटकन म्हणाल्या, तुम्ही नका जाऊ, मी बोलावते कुणालातरी. ती 'कुणीतरी' यायला पाच मिनिटं लागली. तेवढा वेळ तो पोरगा भिंतीकडे तोंड करून उभा, पुस्तक पोटाशी धरून. मी दोन फुटांवर, हात बांधल्यासारखी. मी पण एक आई आहे हो. डोळ्यात पाणी आलं माझ्या.

तर प्रश्न असा, हे सगळीकडे असंच असतं का? की आमच्या शाळेचं जरा अतीच चाललंय? बुधवार सोडून द्यावा असं वाटायला लागलंय.

धडापाचवा

ताई, मी शिक्षिका आहे, सोळा वर्षं झाली, त्यामुळे जरा टेबलाच्या पलीकडून लिहिते, राग मानू नका.

पहिलं म्हणजे त्या पोराला पाच मिनिटं उभं ठेवलं ही चूकच आहे आणि ती शाळेची आहे. नियमाची नाही. लहान वर्गात हे आठवड्याला एकदा तरी होतंच, त्यात नवल काही नाही, मग त्याची सोय आधीच ठरलेली हवी की नको? आमच्याकडे प्रत्येक मजल्यावर दोघीजणींची नावं ठरलेली आहेत, मुलाचे जादा कपडे त्याच्या नावाच्या पिशवीत, वर्गातून चिठ्ठी गेली की एक मिनिटाच्या आत कुणीतरी येतं. कपडे मूल स्वतःच बदलतं, मावशी बाहेरच्या दाराशी उभ्या राहून सांगतात, पाय इथून घाल, हां आता वर ओढ. हात लावावाच लागला तर आधी त्याला विचारून, आणि दुसरी कुणीतरी हाकेच्या अंतरावर असतेच. मग वहीत नोंद आणि संध्याकाळी घरी फोन, की आज असं झालं, कपडे बदलले, अमुक जण होत्या. म्हणजे मुलाने घरी जाऊन 'आज शाळेत माझी चड्डी काढली' असं सांगितलं तर आईबाबांच्या काळजाचा ठोका चुकत नाही.

आता कल्पना करा की तुम्ही गेला असता. मनात काडीचंही वाईट नाही, मान्यच. पण तो घरी जाऊन म्हणाला की एका काकूंनी चड्डी बदलली, कोण काकू माहीत नाही, आणि शाळेत कुणाकडेच नोंद नाही. तुम्ही काय सांगणार? कुणाला साक्षीला आणणार? हे नियम मुलासाठी तर आहेतच, पण एकट्याने मुलाबरोबर बंद दाराआड न जाण्याने सगळ्यात जास्त कुणी वाचत असेल तर ते तुमच्यासारखं सरळ माणूस वाचतं.

आणि अजून एक जे ट्रेनिंगमधे धड कुणी सांगत नाही. आपण मुलांना शिकवतो की अंगाला कुणी हात लावायचा नाही, नको असेल तर नाही म्हणायचं. मग त्याच मुलांसमोर शाळेतला कुठलाही मोठा माणूस कपडे बदलायला घेऊन जाऊ शकतो हे दिसलं तर शिकवलेलं सगळं पाण्यात. मूल नियम ऐकून शिकत नाही, बघून शिकतं.

मिठी मारावी का, मांडीवर घ्यावं का हे पण विचारतात पालक. पोर रडत येऊन बिलगलं तर ढकलून देऊ नका, एवढंही कोरडं व्हायचं नाही, शेजारी बसा, खांद्यावर हात ठेवा, सगळ्यांसमोर. फक्त सुरुवात मुलाकडून हवी, आपल्याकडून नको.

बुधवार सोडू नका. वाचन ऐकणारं माणूस मिळत नाही हो आम्हाला.

फाटकाबाहेर

मी मात्र धागाकर्तीच्या बाजूने. हा सगळा देखावा आहे. गळ्यात पिवळी पट्टी अडकवली म्हणजे माणूस सज्जन झाला का? ज्याला वाईटच करायचंय तो फॉर्म नीट भरेल, सगळ्यात आधी भरेल, अक्षर पण चांगलं काढेल.

माझा अनुभव सांगतो. क्रीडा दिनाच्या तयारीला मदत करायला गेलो, आधी नाव दिलेलं, सगळं रीतसर. तिथे पाच आया आणि मी एकटा बाप्या. आयांना मुलांच्या रांगा लावायला दिल्या आणि मला सांगितलं तुम्ही सतरंज्या उचला. बरं उचलल्या. मग एक पोरगी पडली, गुडघा फुटला, मी जवळ होतो म्हणून उचलायला गेलो तर एक बाई धावत आल्या, असू दे असू दे आम्ही बघतो. चेहऱ्यावर जे भाव होते ते मी विसरणार नाही. घरी येऊन बायकोला म्हटलं यापुढे तूच जा.

आणि मुख्य मुद्दा, मुलांना त्रास देणारे बहुतेक वेळा मुलांच्या ओळखीतलेच असतात हे सगळेच जाणतात. मग आत रोज वावरणाऱ्या लोकांवर कुणाचं लक्ष आहे? आठवड्यातून एक तास येणाऱ्या आईला दहा कागद आणि बसवर रोज दोन तास मुलांबरोबर असणाऱ्या माणसाला किती, ते एकदा विचारा शाळेला.

रजिस्टरबाई

मी एका शाळेच्या काउंटरवर बसते, म्हणजे ज्या ताईंवर धागाकर्ती चिडल्यात त्यांच्या जातकुळीतली 😀 त्यांच्या वतीने बोलते.

ओळखीच्या माणसाला परत पाठवणं हे या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम. अनोळखी माणसाला अडवायला काही वाटत नाही. पण एकदा ओळखीच्या बाईंना कार्डाशिवाय सोडलं की मागे रांगेत उभे असलेले तिघं बघत असतात, आणि पुढच्या वेळी तिघंही म्हणणार त्यांना कसं सोडलंत. आणि ओळख म्हणजे तरी काय? मला तुमचा चेहरा माहितीये. तुमच्या घरात गेल्या महिन्यात काय झालं ते मला कसं माहीत असणार. असं झालंय, नेहमी न्यायला येणारे वडील, हसून बोलणारे, आणि एक दिवस ऑफिसमधून कागद आला की कोर्टाचा आदेश आहे, यांच्या ताब्यात मूल द्यायचं नाही. दुसऱ्याच दिवशी ते दारात उभे. तेच हसणं. त्या दिवशी मी नुसत्या ओळखीवर चालले असते तर?

म्हणून न्यायला कोण येणार त्याची यादी असते, यादीबाहेरचं कुणी आलं तर आम्ही फोन करतो, आणि तो फोन आमच्या फाईलमधल्या नंबरवर करतो, समोरचा माणूस 'हा घ्या, बोला तिच्या आईशी' म्हणून आपला मोबाईल पुढे करतो त्यावर नाही. लोकांना याचाच जास्त राग येतो. अहो पण त्या मोबाईलवर पलीकडे कोण बोलतंय हे मला कसं कळणार?

वहीचं सांगते. सगळ्यांना वाटतं वही म्हणजे संशय. निम्मं काम तिचं वेगळंच आहे. आगीचा अलार्म झाला की मुलांची हजेरी बाईंकडे असते, पण बाहेरून आलेल्यांची हजेरी कुठे असते? माझ्या वहीत. एका सरावाच्या वेळी मैदानात मोजणी केली तर वहीप्रमाणे एक पाहुणे कमी. दोन शिपाई परत आत गेले, सगळे मजले, गच्ची, टॉयलेट. ते गृहस्थ तासाभरापूर्वीच घरी गेलेले, जायची वेळ लिहायला कंटाळा केला. सराव होता म्हणून ठीक. खरी आग असती तर ते दोघं शिपाई धुरात शिरले असते, घरी आरामात बसलेल्या माणसाला शोधायला.

आणि एक विनंती, मागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवू नका. बझर दाबून एक पालक आत येतात आणि चांगुलपणाने मागच्याला दार धरतात, मागचा त्याच्या मागच्याला. एका बझरवर चार माणसं आत. वाईट वाटतं तोंडावर दार लावायला, मला कळतं, पण दार लागू द्या आणि त्याला काउंटर दाखवा.

जपानमधे ओसाकाजवळच्या इकेदाच्या प्राथमिक शाळेत ८ जून २००१ ला एक माणूस चाकू घेऊन घुसला, ८ मुलं गेली. आमच्या ट्रेनिंगमधे हे सांगितलं होतं आणि त्यातली एक बारीक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. फाटक उघडंच होतं. आत एक शिक्षक त्याला सामोरे आले, त्यांनी मान लववून नमस्कार केला, त्याने उलट केला नाही. आणि शिक्षक पुढे निघून गेले. कोण तुम्ही, कुणाकडे आलात एवढं विचारायचं राहिलं. त्यानंतर तिकडच्या शाळांची फाटकं बंद झाली. बिल्ल्याचा उपयोग तेवढाच आहे हो फाटकाबाहेर साहेब, बिल्ला घातलेला माणूस सज्जन असतो असं कुणीच म्हणत नाही. पण ज्याच्या गळ्यात नाही त्याच्याबद्दल चौथीतलं पोर पण बाईंना जाऊन सांगू शकतं की तिकडे एक काका आहेत, बिल्ला नाही त्यांच्याकडे.

दोनपत्ते

+१ रजिस्टरबाई. ते दार धरण्याचं तर आमच्या ऑफिसात पण रोज चालतं.

पडताळणीबद्दल थोडं. मी काही वर्षं इंग्लंडात होतो, तिथे मुलाच्या शाळेत मदत करायची तर डीबीएस करतात, म्हणजे माणसाच्या गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी. ही व्यवस्था आत्ताच्या रूपात २०१२ ची, पण तिच्यामागे सोहॅम नावाच्या तिथल्या गावातलं प्रकरण आहे. २००२ मधे तिथे दहा-दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला आणि खुनी निघाला एका शाळेचा केअरटेकर. त्याच्याबद्दल आधी दुसऱ्या भागातल्या पोलिसांकडे तक्रारी गेलेल्या होत्या, पण नोकरी देताना त्या पुढे आल्याच नाहीत. २००४ मधे चौकशीचा अहवाल आला त्याचा रोख त्यावरच होता, की माहिती होती पण एकाकडची दुसऱ्याकडे गेली नाही. म्हणून ते दोन ओळखीच्या लोकांना केलेले फोन मला फालतू वाटत नाहीत. कागदावर जे येत नाही ते कधीकधी फोनवर नुसत्या थांबण्यातून कळतं.

पण मी होतो तेव्हा तिथेही सरसकट सगळ्यांना एकच फूटपट्टी नव्हती हां. शिक्षकाच्या नजरेखाली मदत करणारा पालक वेगळा, आणि एकट्याने मुलांचा गट सांभाळणारा किंवा सहलीला रात्री राहणारा वेगळा, दुसऱ्याची तपासणी जास्त कडक. ऑस्ट्रेलियात काही राज्यांत तर आपलं मूल ज्या उपक्रमात आहे तिथे मदत करणाऱ्या पालकाला त्या तपासणीतून सूटच आहे. वार्षिक कार्यक्रमाला दोन तास बसायला येणाऱ्या आजोबांकडून पोलीस पडताळणी मागायला लागलात तर लोक यायचेच बंद होतील. सही, बिल्ला आणि सोबत कुणीतरी एवढं पुरे.

आणि हे पण लक्षात ठेवा की ते सर्टिफिकेट म्हणजे त्या तारखेपर्यंतच्या नोंदी. डीबीएसच्या कागदावर तर मुदत संपायची तारीखच नसते, शाळेने ठरवायचं पुन्हा कधी करायचं. स्वच्छ कागद याचा अर्थ नोंद सापडली नाही, एवढाच. म्हणून एकटं न सोडण्याचा नियम कागद असला तरी राहतोच. फाटकाबाहेर म्हणतात ते खरंय, वाईट माणूस फॉर्म छान भरेल. पण फॉर्म भरून झाल्यावरही त्याला एकटं मूल मिळणार नसेल तर तो दुसरीकडे जाईल.

सतरंजीवाल्या किश्शाबद्दल मात्र वाईट वाटलं. पुरुष म्हणून वेगळा नियम हा नियमच नव्हे. एक तर कुणीच उचलायचं नाही, नाहीतर जो जवळ असेल त्याने सगळ्यांसमोर उचलायचं.

गप्पच

इथे सहसा लिहीत नाही. फोटोबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून.

आम्ही त्या दुसऱ्या बाजूचे आहोत. मी आणि माझा मुलगा एका माणसापासून लांब येऊन राहतोय, एवढंच सांगते. शाळेच्या फॉर्मवर फोटोला परवानगी नाही अशी खूण केलेली आहे आणि शाळा पाळते पण. वर्गाचा फोटो निघतो तेव्हा बाई त्याला काहीतरी आणायला पाठवतात, त्याला अजून कळलेलं नाही का ते.

एकदा एका मदतीला येणाऱ्या आईने वर्गातला फोटो काढून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खूप गोड फोटो होता. मुलं रंगवत होती. कोपऱ्यात माझा मुलगा, निम्माच, पण शर्टावरचा शाळेचा बिल्ला स्वच्छ वाचता येत होता. मी तिला पर्सनल मेसेज केला काढशील का प्लीज, तिने लगेच काढला, सॉरी म्हणाली, चांगली बाई. पण तोपर्यंत कुणीतरी स्टेटसला लावलेला. तो आठवडाभर मी झोपले नाही.

ती काही वाईट वागली नाही. तिला माहीतच नव्हतं, आणि मी तरी तिला आधी कसं सांगणार होते. म्हणून तुमचा मोबाईल लॉकरमधे ठेवायला लावतात ना तेव्हा तुमच्यावर विश्वास नाही असं नका समजू. त्या वर्गात कोणाचं काय आहे ते तुम्हाला सांगता येत नाही, म्हणून आहे ते.

अर्धीपेन्सिल

@गप्पच, तुमचा प्रतिसाद वाचून पहिलं काम काय केलं असेल तर मोबाईलमधली गॅलरी उघडली. मागच्या वर्षीचे माझ्या वाचन गटाचे अकरा फोटो निघाले. अकरा! एक तर मी डीपीला ठेवला होता दोन महिने. कुणाच्या आईबाबांना विचारलं नव्हतं, डोक्यातच आलं नाही. सगळे उडवले, मग बॅकअपमधे आहेत हे लक्षात आलं, तिथून पण उडवले. तुमची मी माफीच मागते, तुमचा फोटो मी काढला नसला तरी.

@धडापाचवा, चड्डीचं पटलं. मी 'आई आहे' म्हणत होते, पण त्या पोरासाठी मी बुधवारची काकू. अजून एक विचारायचंय, हे ट्रेनिंगमधे घाईघाईत उरकलं. वाचताना मुलं काहीबाही बोलतात. एकदा एक मुलगी म्हणाली मला घरी जायला आवडत नाही. मी म्हटलं असं नाही बोलायचं हं, आई किती करते आपल्यासाठी. आता वाटतंय की मी चुकले का?

धडापाचवा

चुकलात असं मी म्हणणार नाही, कारण निम्म्या शिक्षकांनी पण तेच उत्तर दिलं असतं. बहुतेक वेळा त्याचा अर्थ घरी अभ्यास करायला लावतात एवढाच असतो. पण 'असं नाही बोलायचं' म्हटलं की ते दार बंद होतं. पुढच्या वेळी नुसतं 'हो का?' म्हणा आणि गप्प बसा. बोलायचं असेल तर बोलेल.

आणि काही गंभीर बोललंच तर, कुणाला सांगणार नाही असं वचन द्यायचं नाही, कितीही गळ घातली तरी. 'मला सांगितलंस ते चांगलं केलंस, आता आपल्याला मदत करू शकेल अशा एका माणसाला मी सांगणार आहे', एवढंच. खोदून विचारायचं नाही, कोण, कधी, कुठे हात लावला, बाबांनी का काकांनी, हे आपलं काम नाही, उलट आपण शब्द तोंडात घातले की नंतर त्या मुलीचंच खरं कुणी मानत नाही. ती जे शब्द म्हणाली तेच, तिच्याच भाषेत, तारीख-वेळ घालून लिहून काढा आणि त्याच दिवशी शाळेत ज्यांचं नाव या कामासाठी दिलंय त्यांना द्या. उद्या बघू नाही. घरी फोन करून 'तुमची मुलगी असं म्हणत होती' हे तर अजिबात नाही, कारण त्रास घरातूनच असला तर आपण तिलाच अडकवलं.

भारतातल्यांसाठी सांगते, लैंगिक त्रासाची शंका असेल तर ही नुसती शाळेची पद्धत नाही, कायदा आहे. पोक्सो, २०१२ चा, त्याचं कलम १९. ज्याला कळलं किंवा असं काही होईल अशी धास्ती वाटली त्या कुठल्याही व्यक्तीने पोलिसांना कळवायचं, त्यात वाचन ऐकायला येणारी काकू पण आली. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं, आता ते बघतील, असं म्हणून आपण सुटत नाही.

एरवी जे ऐकलं, कोण अडखळतं, कोणाच्या डब्यात काही नसतं, कोणाचे आईबाबा भांडतात, ते गेटबाहेर न्यायचं नाही. पार्किंगमधे पालक विचारतात बरं का, आमचा कसा वाचतो हो बाकीच्यांच्या मानाने? हसून म्हणायचं बाईंना विचारा.

फाटकाबाहेर

गप्पच यांचं वाचून थोडा गप्प झालो. फोटोचं मान्य. दार धरायचं पण मान्य, मी स्वतः धरतो रोज.

पण माझा एक मुद्दा मी सोडणार नाही. नियम आहे ना, मग सगळ्यांना. आमच्याकडे संस्थेचे कुणी पदाधिकारी आले की गाडी सरळ आत, वही नाही की बिल्ला नाही, बरोबर चार अनोळखी माणसं, आणि वर मुलांबरोबर फोटो. तेव्हा कुठे जातं सगळं?

रजिस्टरबाई

😀😀 दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आमच्याकडे मागच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुण्यांना मी वही पुढे केली तर आमचे सर डोळे वटारायला लागले. पाहुणे स्वतःच म्हणाले, द्या द्या, पेन आहे का? सही केली, बिल्ला घातला, हार घातल्यावर बिल्ला हाराखाली गेला तर बाहेर काढून नीट केला. त्या दिवसानंतर सर कुणासाठी काही बोलले नाहीत. तोवर मात्र तुम्ही म्हणता तसंच होतं, खोटं का बोलू.

बसवाल्यांचं पण बरोबर विचारलंत. पालक सभेत विचारा. आम्ही काउंटरवरून विचारलं तर कुणी ऐकत नाही, पालकांनी विचारलं की फाईल उघडतात.

अर्धीपेन्सिल

अपडेट देते, विचारत होता म्हणून.

मुख्याध्यापिकांना भेटले. भांडायला नाही. म्हटलं नियम सगळे मान्य, पण तीन गोष्टी करा. दुसरीच्या मजल्यावर कोणाला बोलवायचं ते नाव भिंतीवर लावा आणि जादा कपड्यांची पिशवी वर्गातच ठेवा. नियमांचा कागद देता त्यात प्रत्येक नियमापुढे एक ओळ का ते लिहा, नुसतं 'सक्त मनाई' वाचून माणूस दुखावतो. आणि बसचं विचारलं. पहिल्या दोन गोष्टींना लगेच हो म्हणाल्या, बसचं पालक सभेत घेऊ म्हणाल्या, बघू. पिशव्या परवा आल्या पण, खुंटीला लटकतायत, नावं मुलांनीच लिहिलीत, त्यामुळे दोन-तीन वाचताच येत नाहीत.

काल बुधवार. कार्ड घेऊन गेले, सही केली, पट्टी घातली, मोबाईल लॉकरमधे. तो पोरगा माझ्याच टेबलावर होता, अख्खं पान न अडखळता वाचलं. निघताना वहीत जायची वेळ लिहिली आणि काउंटरवरच्या ताईंना मुद्दाम दाखवली, त्या हसल्या. मागून एक आजोबा येत होते, दार धरायला हात गेलाच होता, आवरला. रिक्षात बसले आणि लक्षात आलं मोबाईल लॉकरमधेच. परत आत. परत कार्ड, परत सही, परत पट्टी, दोन मिनिटांसाठी. ताई म्हणाल्या, कारण काय लिहू मॅडम?